धाकटीच्या गोळीची चाखणी

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, दुकानावरच्या चाखणीच्या खोलीत, धाकटीच्या औषधाची गोळी खलात कुटून गरम पाण्यात उतरवण्यात आली आणि घरातल्या तीन जिभांनी ती चाखली. निकाल एकमताने लागला नाही.

गोळी आणली होती वहिनीनं. आणली म्हणजे काय, धाकटी आंघोळीला गेलेली पाहून तिच्या टेबलावरच्या पांढऱ्या बाटलीतून दोन गोळ्या काढल्या होत्या आणि रुमालाच्या टोकाला बांधल्या होत्या. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर वहिनीनं त्याला चोरी म्हटलं असतं. पण पोर पोटची होती, आणि बाटलीवर नुसता एक क्रमांक होता. आत औषध आहे की नाही हे आईलासुद्धा सांगायचं नाही, असला नियम तिच्या पचनी पडला नव्हता.

धाकटीच्या हाडांतल्या मज्जेत तांबडं रक्त नीट तयार होत नव्हतं. डॉक्टरांनी हे वहिनीला चित्र काढून समजावलं होतं, तरी तिला कळलं ते आजोबांनी सांगितल्यावरच. कोंब फुटतो, पण पान व्हायच्या आधीच गळतो, असं ते म्हणाले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते. तेव्हापासून दर काही आठवड्यांनी धाकटीला परक्याचं रक्त चढवावं लागे. मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई मधुमेहाची एक जुनी, साधी गोळी या आजारावर तपासून पाहत होत्या. काचेच्या बशीतल्या पेशींवर त्या गोळीचा परिणाम दिसला होता; माणसावर दिसतो का, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बनावट, आणि कुणाला कोणती ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही.

धाकटीनं या अभ्यासात नाव घातल्याची बातमी घरात आली तेव्हा काळजीपेक्षा अभिमानच जास्त वाटला होता. वहिनी आणि धाकटी सोडल्या तर घरात सगळ्यांना मधुमेह. तीच गोळी आजोबांच्या उशाशी, आत्याच्या पर्समध्ये आणि वहिनीचे दीर, भाऊजी, यांच्या गल्ल्यात सुट्ट्या नाण्यांच्या खणात असे. "शेवटी आपल्याच गोळीवर आली पोर," आजोबा म्हणाले होते, जणू धाकटीनं उशिरा का होईना, घराण्याचा धंदा पत्करला होता. आत्यानं पुरावाही दिला होता: आपण इतकी वर्षं ती गोळी घेतोय, आणि आपल्या अंगात इतकं रक्त आहे की एकदा चावलेला डास ओळख ठेवून परत येतो.

घराण्याचा खरा धंदा चहाचा. चहा चाखायचा, त्याची मिश्रणं बांधायची आणि दुकानदारांना विकायची. घर तीन पिढ्या जिभेवर चाललं होतं. वहिनी बाहेरून आलेली. तिला चहा गरम आहे की गार एवढंच कळतं, ही तिच्या नवऱ्याची लाडाची थट्टा होती. तो गेल्यावर बाकीच्यांनी ती वारसाहक्कानं पुढे चालवली. धाकटीची जीभ मात्र बापाची, किंबहुना बापापेक्षा तिखट. आजोबा तिला आपल्या उजव्या हाताला बसवत. रक्त उतरत गेलं तशी ती जीभ गुळगुळीत पडली, दुखू लागली, आणि एके दिवशी धाकटीनं धुरकट माल चांगला म्हणून पास केला. दुसऱ्या दिवसापासून ती खाली दुकानात फोन घ्यायला बसू लागली, स्वतःहून.

तिला ती खुर्ची परत हवी होती. म्हणून ती अभ्यासात शिरली होती, आणि म्हणूनच तिनं घराला बजावलं होतं की बाटलीत काय आहे हे तिला जाणून घ्यायचं नाही. कळलं तर तिचं नाव अभ्यासातून जाईल.

वहिनीचा विचार सरळ होता. गोळ्या सुरू होऊन बरेच दिवस झाले आणि पोरीचा चेहरा अजून तसाच पांढरा. गोळी बनावट निघाली, तर आत्याच्या पर्समधली खरी गोळी रोज सुपात कुटून घालायची. हे तिनं फक्त आत्याला सांगितलं. आत्या म्हणाली, पाहिल्याशिवाय माल उचलू नये. आत्यानं ते फक्त भाऊजींना सांगितलं. भाऊजींना वडिलांपासून काही लपवता येत नसे, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी आजोबा चाखणीच्या खोलीत पांढरा कोट घालून आधीच बसलेले दिसले, तेव्हा दोघींनी आश्चर्य दाखवलं.

"करायचं तर नीट करायचं," आजोबा म्हणाले.

नीट म्हणजे तीन कप. एकात आजोबांची स्वतःची गोळी, एकात धाकटीची, एकात खडू. कुठला कप कुठे, हे चाखणाऱ्यांना कळता कामा नये. कप मांडायचं काम वहिनीला मिळालं, कारण तिच्या जिभेचा हिशेब कुणी धरत नव्हतं. ती मांडत होती तेवढा वेळ तिघे मधुमेही भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे होते. आजोबांनी भिंतीकडे बघतच, पाणी फार उकळू देऊ नकोस, अशी सूचना केली. ज्या नियमावर ती इतके दिवस चिडली होती तोच नियम आपण पाळतोय, हे वहिनीच्या ध्यानात आलं नाही.

मग चमचे उचलले गेले. चहा चाखणाऱ्यांचा भुरका हा मोठा आवाज असतो. घोट हवेसकट टाळूवर आपटायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकदाणीत टाकायचा. आत्याचा भुरका रस्त्यावर ऐकू जातो अशी ख्याती होती. आजोबांनी पहिल्या कपातला घोट थुंकला नाही, गिळला. सकाळची गोळी राहिली होती, म्हणाले.

तिसरा कप खडूचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. भाऊजींनी तर तो शाळेचा खडू नसून शिंप्याचा आहे, हेही सांगितलं. भांडण उरलेल्या दोन कपांवर होतं.

"दोन्ही एकच आहेत," आजोबा म्हणाले. "तोच कडूपणा, मासळीच्या रिकाम्या टोपलीचा तोच वास. पोरीला खरी गोळी मिळतेय. विषय संपला."

"वास आहे," आत्या म्हणाली. "पण दुसऱ्या कपात तो आतून येत नाही, अण्णा. वरून लावलाय. फुलांचा अर्क शिंपडून साधा चहा भारी म्हणून विकतात ना, तसा. ही बनावट आहे."

"गोळीला कोण कशाला वास लावेल?"

"ते मला काय माहीत. मी नाकाला आलं ते सांगितलं. मागे काजळीचा सांगितला होता, तेव्हाही तुम्ही असंच विचारलं होतं."

काजळीचा उल्लेख झाला की त्या घरात सगळे खिडकीबाहेर बघत. एका कोरड्या वर्षी आत्या नको म्हणत असताना आजोबांनी लिलावात एक मोठा लॉट उचलला होता, आणि पुढे सहा महिने सगळं गिऱ्हाईक जळक्या लाकडाचा चहा प्यालं होतं.

आता मत भाऊजींचं. भाऊजी हे घरातलं वातकुक्कुट. वडील म्हणतील तेच ते जरा हळू आवाजात म्हणत. पण काजळीचा माल गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन परत घेतला होता तो त्यांनी, आणि ते अजून विसरले नव्हते. त्यांनी दुसऱ्या कपातला आणखी एक घोट घेतला. कडूपणा जरा उशिरा येतो असं वाटलं, म्हणाले. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "पण येतो," भाऊजींनी पुस्ती जोडली. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "उशिरा," भाऊजी म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

नेमक्या त्याच वेळी, एक गिऱ्हाईक फोनवर थांबलंय असं सांगायला धाकटी दारात आली.

तिनं कप पाहिले. कपांत चहा नव्हता. खल पाहिला. खलाच्या कडेला तिच्या गोळीची फिकट निळी साल चिकटली होती. आजोबांच्या गोळ्या पांढऱ्या असत. वहिनीनं पदर पुढे करून खल झाकायचा प्रयत्न केला, आणि त्यानं जे काही सिद्ध व्हायचं राहिलं होतं तेही झालं.

धाकटी ओरडली नाही. बापही कधी ओरडत नसे, आणि त्यामुळे त्याची जास्त भीती वाटे.

"कुणी एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली. "मान हलवायची नाही. चेहरासुद्धा करायचा नाही. आई, किती घेतल्यास?"

"दोन," वहिनी म्हणाली. "एक चुकली तर असावी म्हणून."

"उद्या इस्पितळात बाटली परत द्यायची आहे. ते गोळ्या मोजतात. तू बरोबर येणार आहेस, आणि तूच सांगणार आहेस."

चेहरा न करणं ही गोष्ट त्या घरात कुणाला जमणारी नव्हती. मालाची परीक्षा चेहऱ्यावर उमटू न देता भाव पाडणं हा धंद्याचा भाग होता खरा, पण ते कसब सगळे दुकानात ठेवून जेवायला येत. त्या दुपारी टेबलावर आजोबा मधूनच गुणगुणत होते आणि स्वतःच्याच ताटाकडे बघून हसत होते. आत्यानं धाकटीला न मागता दुसऱ्यांदा वाढलं, मग तिसऱ्यांदा, आणि तिच्या पाठीवरून असा हात फिरवला की वहिनीला नवऱ्याच्या तेराव्याची आठवण झाली. भाऊजी एकदा आजोबांसारखे हसत, एकदा आत्यासारखा सुस्कारा टाकत. शेवटी त्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

वहिनी घास मोडत होती आणि पोरीच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होती. जिभेची चव गेली तरी डोळ्यांनी माणसं चाखायची सवय पोरीची गेलेली नाही, हे आपण विसरलो, असं तिला वाटलं. आता सगळं हिला कळणार, आणि नाव जाणार, आणि तेही आपल्यापायी.

धाकटीनं चमचा खाली ठेवला. एकेकाकडे नीट बघून घेतलं.

"निम्मं घर लग्नातलं आणि निम्मं सुतकातलं," ती म्हणाली. "याचा अर्थ तुमचं जमलेलं नाही. म्हणजे मला अजून काहीच माहीत नाही. आभारी आहे."

आणि तिनं मीठ मागितलं. आजोबा आणि आत्या या दोघांनीही मिठाची बाटली एकदमच उचलली आणि सोडली नाही.

बुधवारी इस्पितळात वहिनी गेली ती सुनावणीला निघाल्यासारखी, इस्त्रीची साडी नेसून. अभ्यासाची खोली लहान होती: एक टेबल, एक वजनकाटा, औषधांचं कुलूपबंद कपाट आणि भिंतीवर मज्जेचं चित्र. डॉक्टरीणबाई कपाळावर चष्मा चढवून तोच शोधत होत्या. परिचारिकेनं बाटली ट्रेमध्ये रिकामी केली, मोजली, पुन्हा मोजली आणि काही विचारणार एवढ्यात वहिनी उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. रुमाल, खल, तीन कप, खडूसुद्धा. आपल्या घरचा धंदा काय, हे सांगितल्याशिवाय गोष्ट कळणार नाही म्हणून तोही सांगितला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधायचं सोडलं. एकदा परिचारिकेच्या तोंडून हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं.

"निकाल काय लागला ते मला सांगू नका," डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "तुला कळलाय का?"

"घरात दोन मतं आहेत," धाकटी म्हणाली.

"कोणाचं कोणतं, ते माहीत आहे?"

"एकजण गात होतं आणि एकजण वाढत होतं. पण आमच्याकडे हे दोघे हवामानावरही भांडतात. माझा कशावरच विश्वास नाही."

डॉक्टरीणबाई बराच वेळ लिहीत राहिल्या. हे सगळं आपल्याला कळवावं लागेल, म्हणाल्या. अभ्यासावर देखरेख करणारी एक समिती असते. धाकटीला ठेवायचं की नाही हे ती ठरवेल. तोवर गोळ्या चालू. इतक्या वर्षांत रुग्णांनी गोळ्या फेकून दिलेल्या, कुत्र्याला घातलेल्या आणि शेजारणीला उसन्या दिलेल्या आपण पाहिल्या आहेत, पण चाखणी लावलेली हे पहिलंच घर, असंही म्हणाल्या, आणि ते कौतुक आहे की काय, हे वहिनीला ठरवता येईना.

धाकटी तपासणीचं रक्त द्यायला पलीकडच्या खोलीत गेली. डॉक्टरीणबाईंना कुणीतरी दाराशी बोलावलं. परिचारिका ट्रे आवरू लागली.

"तुमच्या घरच्यांनी ओळखायचं ठरवलं ते कशावरून?" तिनं सहज विचारलं.

"वासावरून."

"वासावरून नाही हो कळायचं. वास तर बनावट गोळीलाही मुद्दाम लावलेला—" आणि डॉक्टरीणबाई दारातून वळल्या तशी ती गप्प बसली आणि ट्रे पुसायला लागली. ट्रे स्वच्छच होता.

वहिनी जागच्या जागी बसून राहिली. म्हणजे आजोबांच्या वासाला काही किंमत उरली नाही. आणि वास वरून लावलेला आहे हे जिनं सांगितलं, ती आत्या. आत्याच्या गोळ्यांची पट्टी या क्षणी वहिनीच्या पर्समध्ये होती. कालच मागून घेतली होती. तिला ती पर्समधून जाणवत होती, जसा खिशातला निखारा.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "मी आईच्या काळजीनं विचारते. आमच्याकडे तीच गोळी आहे. दोन आणे शंका असली, तर घरची दिली तर काय बिघडलं?"

डॉक्टरीणबाई तिच्यासमोर बसल्या. आवाज चढवला नाही.

"तिची गोळी खरी असेल तर तुम्ही दुप्पट द्याल, आणि तिच्या अंगाला ते झेपेल का, हे मला माहीत नाही. बनावट असेल तर उद्या तिचं रक्त वाढलं तरी कशानं वाढलं, हे मला कधीच कळणार नाही. तिच्यासारखे बाकीचे जे गोळ्या घेतायत, त्यांनाही नाही. आणि बनावट गोळीवरही रक्त वाढतं असं दिसलं, तर आणखी वाईट. आपण एक चांगली गोळी फेकून देऊ."

"आणि या गोळीनं खरंच गुण येतो का?"

"तेच तर विचारतोय आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला माहीत असतं, तर मी तुमच्या मुलीला बनावट गोळीच्या वाटेला लावलं असतं का?"

वहिनीनं पर्स उघडली, पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली, कुणाची आहे विचारलं, आणि नणंदेची आहे कळल्यावर परत दिली. त्यांना लागेल ना, म्हणाल्या.

घरी आल्यावर सगळे दाराशीच होते. समितीचं सांगून झालं. मग आजोबांनी विचारलं, ती लोकं गोळीबद्दल काही बोलली का. वहिनी नाही म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या घरात बोललेलं हे बहुधा पहिलं यशस्वी खोटं. ती सरळ आत्याच्या खोलीत गेली आणि पट्टी तिच्या पलंगावर ठेवली.

"वन्सं, ही तुमची. आपण सुपात काही घालायचं नाही."

"का? बनावट आहे ती. माझी जीभ सांगते."

"तुमची जीभ राहू द्या. मी शब्द देऊन आलेय."

आत्यानं तिच्याकडे निरखून बघितलं, जशी ती नव्या मालाकडे बघे. "तुला तिथे काहीतरी कळलंय, वहिनी."

"मला चहा गरम आहे की गार, एवढंच कळतं," वहिनी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

गुरुवारी रक्ताचा आकडा आला. आधीपेक्षा किंचित वर. या खेपेला रक्ताची पिशवी लागणार नाही, पुढच्या तपासणीनंतर बघू, असा निरोप होता. आजोबांनी दुकानातल्या नोकरांना दुपारी लवकर सोडलं. आत्या म्हणाली, मागच्या पिशवीचं रक्त अजून पुरतंय, एवढंच. धाकटीनं फोन करून विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा फरक यंत्राचाही असू शकतो. भाऊजींनी तिघांशीही सहमती दाखवली.

शुक्रवारी दुपारी चाखणी चालू होती. चहाचीच. आजोबांची उजवीकडची खुर्ची रिकामी होती आणि वहिनी कप विसळायला वर आली होती. खालून जिन्यावर धाकटीची पावलं वाजली. गेलं वर्षभर ती मधल्या वळणाला थांबे, कठड्याला टेकून श्वास घेई, आणि वरची सगळी माणसं तेवढा वेळ उगाच मोठ्यानं बोलत, तिचं थांबणं ऐकू येऊ नये म्हणून. आताही भाऊजींनी मोठ्यानं बोलायला तोंड उघडलं.

पावलं वळणाला थांबली नाहीत.

आजोबांचा चमचा हवेत राहिला. वहिनीनं झटकन आत्याकडे बघितलं. आत्या तिच्याचकडे बघत होती. दोघींच्या मनात एकाच वेळी एकच संशय आला, सुपाचा, आणि दोघींनी एकाच वेळी, अगदी थोडीशी, मान हलवली: मी नाही.

मग दोघींनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी दोन्ही हात वर केले.

धाकटी आत आली. दम लागला होता की नाही, हे तिच्या पाठीमागच्या उजेडात नीट दिसेना. समितीचा काही निरोप, तिनं विचारलं.

चार वाजले होते. निरोप आलेला नव्हता.